बेस गिटारसाठीं ॲम्प्लिफायर व कॅबिनेट यांची निवड

गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत घडलेला प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. वाद्यवृंदाचें तिसरें गाणें रंगांत आलें असतां सभागृहाच्या भिंतीवरील स्पीकरांतून प्रथम फडफड ऐकूं आली, मग खरखर झाली, आणि पाहतां पाहतां सर्व आवाज बंद पडला. पुढील रांगेंत बसलेल्या पाहुण्यांस जळका वासही आला. कारण शोधूं जातां असें आढळलें कीं, इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें मागून आणलेली बेस गिटार सभागृहाच्या भाषणाच्या यंत्रास जोडली होती. दुरुस्तीचा खर्च शाळेस सोसावा लागला. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, त्या मुलानें पुढें चार महिने वाद्यास हात लावला नाहीं. त्याचे वडील कोळशाच्या खाणींत कामाला आहेत. ते एके दिवशीं शाळेंत येऊन आम्हांला म्हणाले, "गुरुजी, पोरानं मुद्दाम नाही केलं. किती पैसे झाले ते सांगा, मी हप्त्यानं फेडतो." पैसे घेण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु "भाऊ, यांत मुलाची चूक नाहीं," एवढेंच आम्हीं त्यांस सांगूं शकलों. ती कां नाहीं हें समजावून देण्याइतकें ज्ञान त्या वेळीं आमच्यापाशीं नव्हतें, याची आम्हांला लाज वाटली.

यंदा माजी विद्यार्थ्यांनीं आपसांत वर्गणी करून बेस गिटारसाठीं स्वतंत्र ॲम्प्लिफायर व कॅबिनेट घेण्यास रक्कम दिली, आणि निवडीचें काम आमच्यावर आलें. अशी रक्कम पुन्हां पुन्हां मिळत नाहीं. एकदां केलेली चूक पुढील दहा वर्षें डोळ्यांसमोर राहावयाची. म्हणून आम्हीं पदार्थविज्ञानाचीं पुस्तकें चाळलीं, वाद्यविक्रेत्यांस व साउंडवाल्यांस प्रश्न विचारले, आणि आमच्या सभागृहांत प्रत्यक्ष प्रयोगही करून पाहिले. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों. सारांश प्रथमच सांगून टाकतों. बाजारांत जो तो वॅटचा आकडा विचारतो. विचारावयाचें तें हें कीं, कॅबिनेट कसलें आहे, आणि तें कोणत्या जागेंत वाजणार आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून घेऊं. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेस गिटारला बहुधा चार. या चार तारा साध्या गिटारच्या चार जाड तारांहून एक सप्तक खालीं लाविलेल्या असतात. सर्वांत जाड तारेचीं सेकंदास सुमारें ४१ कंपनें होतात. पुढील तिघींचीं अनुक्रमें ५५, ७३ व ९८. पांच तारांच्या बेसमध्यें याहूनही खालची एक तार असून तिचीं कंपनें अवघीं ३१ भरतात. आपल्या परिचयाचें उदाहरण घ्यावयाचें तर काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा असतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारें ६९ कंपनांवर बोलते. बेस गिटारची जाड तार त्या खर्जाच्याही बरीच खालीं आहे. शिवाय हिचें अंग बहुधा भरीव लाकडाचें असल्यामुळें तार छेडली तरी चार हातांवर ती नीटशी ऐकूं येत नाहीं. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसें बेस गिटारला कॅबिनेट होय. भोपळ्यावांचून तंबोरा विकत घेणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं. पण बेस गिटार घेऊन कॅबिनेटचा विचार मागाहून करणारे मात्र पुष्कळ आढळतात.

या वाद्याचा इतिहासही हेंच शिकवितो. पूर्वी पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाचें काम डबल बेस हें पुरुषभर उंचीचें वाद्य करीत असे. तें वाहून नेण्यास अवघड, आणि ढोल व पितळी वाद्यें यांच्या गजरांत त्याचा आवाज बुडून जाई. अमेरिकेंतील सिएटल शहरीं पॉल टटमार्क यांनीं १९३० नंतरच्या दशकांत विजेवर चालणारी बेस बनविली, पण तिचा प्रसार झाला नाहीं. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली, आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९५२ सालीं, तिच्यासाठीं 'बेसमन' हा ॲम्प्लिफायर काढला. वाद्य निघालें त्यापाठोपाठ त्याचा आवाज मोठा करणारें यंत्र काढावें लागलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. एव्हरेट हल या गृहस्थांनीं त्यापूर्वीं डबल बेसच्या खालच्या खुंटींत मायक्रोफोन बसविण्याची युक्ति काढली होती. 'ॲम्प्लिफाइड पेग' या शब्दांवरून त्यांच्या कंपनीस 'ॲम्पेग' हें नांव पडलें. या कंपनीचा १९६० सालचा बी-१५ हा ॲम्प्लिफायर एका पंधरा इंची स्पीकरवर चाले व ध्वनिमुद्रणाच्या खोलींत तो फार मान्य झाला. पुढें मोठमोठ्या मैदानांतील जलशांसाठीं त्याच कंपनीनें १९६९ सालीं ३०० वॅटचा एस.व्ही.टी. काढला व त्यास आठ दहा-इंची स्पीकरांचें कॅबिनेट दिलें. एक खोलीसाठीं, दुसरा मैदानासाठीं. दोन्ही उत्तम, पण एकाचें काम दुसऱ्यास सांगतां येत नाहीं.

आपल्याकडे हें वाद्य मुंबईच्या चित्रपटसंगीतांतून घरोघर पोंचलें. त्या वाद्यवृंदांत गोव्याकडील वादकांचा भरणा मोठा होता. त्यांपैकीं अनेकांनीं स्वरलेखन गांवच्या चर्चच्या शाळेंत गिरविलें होतें. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतील टोनी वाझ यांची बेस गिटार ज्यांनीं ऐकली आहे त्यांस हें वाद्य काय करूं शकतें तें सांगावयास नको. नांव न कळतांही ती आपण सर्वांनीं ऐकलेली आहे.

आतां आमच्या सभागृहांत काय बिघडलें तें पाहूं. स्पीकरमध्यें एक लोहचुंबक असतो. त्याच्या फटींत तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें लोंबतें, आणि त्या वेटोळ्यास कागदाचा शंकु चिकटविलेला असतो. वेटोळ्यांतून वीज खेळली कीं तें पुढेंमागें हलतें, शंकु हवेस ढकलतो, आणि आपल्याला आवाज ऐकूं येतो. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं हा घाट सिद्ध केला, व अजूनही बहुतेक स्पीकर याच घाटाचे असतात. यांतील मर्म असें कीं, स्वर एक सप्तक खालीं गेला असतां तितकाच मोठा आवाज काढण्यास शंकूला चौपट अंतर हलावें लागतें. १६४ कंपनांच्या स्वराहून ४१ कंपनांचा स्वर दोन सप्तकें खालीं आहे; म्हणजे शंकूला सोळा पट हलणें आलें. भाषणासाठीं केलेल्या लहान स्पीकरांत एवढें हलण्यास जागाच नसते. वेटोळें फटीबाहेर येतें, वांकडें होतें, घासतें. हीच ती फडफड व खरखर.

दुसरें कारण उष्णतेचें. ॲम्प्लिफायरला त्याच्या शक्तीबाहेर ताणलें कीं स्वरतरंगाचीं शिखरें सपाट छाटलीं जातात. अशा छाटलेल्या तरंगानें वेटोळें अधिकच तापतें, आणि अखेर त्यावरील लाख जळते. तोच तो वास. शिवाय पुष्कळ सभागृहांत शंभर व्होल्टच्या लाइनीवर अनेक लहान स्पीकर जोडलेले असतात व प्रत्येकामागें एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तोही मनुष्यवाणीच्या मापानें केलेला असल्यामुळें खर्जाच्या स्वरांनीं गुदमरतो. एवंच, दोष मुलाच्या हाताचा नव्हता. बैलगाडीवर रेल्वेचा माल लादला होता, आणि तो लादूं नये हें सांगणारा आमच्यांत कोणी नव्हता.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो : कॅबिनेट बेस गिटारसाठींच केलेलें असावें. कॅबिनेट म्हणजे स्पीकर ठेवण्याचें नुसतें लाकडी खोकें नव्हे. शंकु पुढें जातो तेव्हां पुढील हवा दाबली जाते व मागील विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला तर ही दाबलेली हवा कडेनें वळून मागील विरळ हवेस मिळते, आणि खोल स्वर जागच्या जागीं मरतो. खोक्यामुळें ही गांठ पडत नाहीं. खोक्यांचे मुख्य प्रकार दोन. एक पूर्ण बंद. याचा स्वर घट्ट व आटोपशीर येतो, आणि आंतील कोंडलेली हवा शंकूला लगाम घालते. दुसरा भोंकाचा, ज्यास बाजारांत पोर्टवालें म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली कीं ती घुमते, त्याच तत्त्वावर हें भोंक एका ठराविक स्वरास घुमवून देतें. अल्बर्ट थुरास यांनीं या युक्तीचें पेटंट १९३२ सालीं मिळविलें. तेवढ्याच आकारांत यानें खर्जाचा आवाज अधिक मिळतो. परंतु त्या ठराविक स्वराच्या खालीं शंकूचा लगाम सुटतो. म्हणून पांच तारांची बेस असेल तर भोंकाचें स्वस्त कॅबिनेट घेतांना विशेष सावध असावें. कोणत्या स्पीकरला किती मोठें खोकें हवें याचें गणित ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं मांडलें व रिचर्ड स्मॉल यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पुढें नेलें. तेव्हांपासून चांगलीं कॅबिनेटें अंदाजानें नव्हे, तर हिशेबानें बांधलीं जातात. स्थानिक सुतारानें केवळ बाहेरून पाहून बनविलेलें खोकें दिसण्यांत तसेंच असलें तरी वाजण्यांत तसें असेलच असें नाहीं, तें यामुळेंच.

या ठिकाणीं हॉफमन यांचा नियम सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील के.एल.एच. कंपनीचे एक संस्थापक जोसेफ अँटन हॉफमन यांनीं असें दाखविलें कीं, लहान खोकें, खोल स्वर व थोड्या शक्तींत मोठा आवाज या तिहींपैकीं दोनच गोष्टी एकत्र मिळतात; तिसरी सोडावी लागते. दुकानदार तिन्ही देऊं म्हणत असेल तर तो निसर्गनियमाविरुद्ध बोलत आहे असें समजावें.

स्पीकर मोठा असला म्हणजे स्वरही खोल, अशी समजूत सर्वत्र आहे; ती अर्धीच खरी. हवा ढकलण्याचें काम शंकूच्या क्षेत्रफळाचें आहे, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. पंधराचा वर्ग २२५. दहाचा वर्ग १००, म्हणजे दोन दहा-इंची स्पीकरांचे २००. बारा-इंचीचे १४४. यावरून दिसेल कीं, दोन दहा-इंची स्पीकर एका पंधरा-इंची स्पीकरच्या जवळपास जातात, आणि चार दहा-इंची त्याच्या पुष्कळ पुढें जातात. शंकु किती लांब हलूं शकतो व खोक्याचें घनफळ किती, यांवर उरलेलें ठरतें. मोठ्या शंकूंतून वरचे स्वर समोर एका पट्ट्यांतच जातात व बाजूस बसलेल्यांस वादन अस्पष्ट वाटतें. म्हणून दोन कॅबिनेटें असल्यास तीं शेजारीं न ठेवितां एकावर एक रचावीं.

आणखी एक गोष्ट. ४१ कंपनांचा मूळ स्वर कॅबिनेटनें पूर्ण जोरानें दिलाच पाहिजे असें नाहीं. त्या स्वराबरोबर ८२, १२३ असे वरचे उपस्वर येतातच, आणि आपला कान त्यांवरून मूळ स्वराची ओळख पटवून घेतो. त्यामुळें ५० किंवा ६० कंपनांच्या खालीं मंद होणारीं कित्येक कॅबिनेटें ऐकावयास उत्तम वाटतात. कागदावरील सर्वांत खालच्या आकड्यामागें धांवूं नये.

आतां वॅटकडे वळूं. शक्ति दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलांनींच वाढतो. कानास तो दुप्पट वाटावा यासाठीं सुमारें दहा पट शक्ति लागते. म्हणजे १०० वॅट सोडून २०० वॅटचें यंत्र घेतलें तर फरक ध्यानांत येतो इतकेंच. उलट कॅबिनेटची संवेदनक्षमता फार मोठें काम करते. एक वॅट दिला असतां एक मीटरवर किती डेसिबल आवाज होतो, तो आकडा कॅबिनेटच्या माहितीपत्रकांत असतो. एकाचा आकडा ९४ व दुसऱ्याचा १०० असेल तर सहा डेसिबलांचा फरक म्हणजे शक्तीची चौपट होय. दुसऱ्यास १०० वॅट दिले तर पहिल्यास ४०० द्यावे लागतील. आणि वॅट वाचतांना त्यापुढील अक्षरें वाचावींत. 'आर.एम.एस.' म्हणजे यंत्र सतत देऊं शकेल अशी शक्ति. हिशेब तिचाच धरावा. स्वस्त डब्यांवर 'पी.एम.पी.ओ.' म्हणून हजारांचे आकडे छापलेले असतात, त्यांवर कांहींएक अवलंबून नाहीं. सामान्यतः ॲम्प्लिफायरची सतत शक्ति व कॅबिनेटची सोसण्याची शक्ति सारख्यास सारखी ठेवावी, आणि आवाज फाटूं लागतांच हात मागें घ्यावा.

ओहमचा हिशेब इयत्ता दहावीच्या पुस्तकांत आहे, पण तो वर्गाबाहेर वापरणारे थोडे. आठ ओहमचें एक कॅबिनेट जोडलें तर ॲम्प्लिफायरवर भार आठ ओहमचा. तसेंच दुसरें समांतर जोडलें तर चार ओहमचा, आणि चार जोडलीं तर दोनचा. ओहम जितके कमी, तितकी ॲम्प्लिफायरमधून वीज अधिक खेचली जाते. त्याच्या पाठीवर 'किमान ४ ओहम' असें लिहिलें असतां दोन ओहमचा भार घालणें म्हणजे यंत्र जाळण्याची तयारी करणें होय. आठ व चार ओहमचीं कॅबिनेटें एकत्र जोडलीं तर भार सुमारें २.७ ओहमवर येतो, आणि चार ओहमवालें कॅबिनेट दुप्पट शक्ति घेतें. म्हणून असें जोडूं नये. येथें एक दूरदृष्टीचा मार्ग आहे. चार ओहमवर पूर्ण शक्ति देणारा ॲम्प्लिफायर घ्यावा व आज आठ ओहमचें एकच कॅबिनेट घ्यावें. आज शक्ति अर्ध्याहून थोडी अधिक मिळेल. पुढें पैसा जमला कीं तसेंच दुसरें जोडावें, म्हणजे शक्तीही वाढते व शंकूंचें क्षेत्रफळही दुप्पट होतें. व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर कोणी दिला तर मात्र त्याच्या मागील ओहमची खूण कॅबिनेटशीं जुळवावी, व कॅबिनेट न जोडतां तो कधींही चालवूं नये.

कॅबिनेटची केबल गिटारच्या केबलसारखीच दिसते, पण ती वेगळी असते. गिटारच्या केबलमधील तार बारीक असून कॅबिनेटकडे जाणाऱ्या शक्तीनें ती तापते. फिरवून घट्ट बसणारे स्पीकॉन जोड असल्यास उत्तम. नाचतांना कोणाचा पाय अडकला तरी ते निसटत नाहींत.

घुग्घुसच्या परिस्थितीचा विचार वेगळा करावा लागतो. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची. परदेशस्थ नातेवाइकानें अमेरिकेंतून आणलेलें यंत्र १२० व्होल्टचें असूं शकतें, तें तपासल्यावांचून बोर्डाला लावूं नये. बोर्डाची अर्थिंग वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावी. वादकाचा हात लोखंडी तारांवर असतो व ओंठ मायक्रोफोनजवळ; दोन यंत्रें दोन ठिकाणच्या बिघडलेल्या जोडणीवर असतील तर त्याच्या देहांतून वीज जाऊं शकते. घूं असा आवाज येतो म्हणून तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग आम्हीं पाहिले आहेत. तो आवाज बरा, पण ती पिन काढणें प्राणावर बेतणारें आहे. आपल्या गांवीं कोळशाची काळी धूळ प्रत्येक फटींत शिरते, व मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो. तेव्हां ॲम्प्लिफायरचा पंखा व जाळी दर महिन्यास कोरड्या मऊ ब्रशानें साफ करावी, यंत्र भिंतीस चिकटवूं नये, आणि पावसाळ्यांत कॅबिनेट जमिनीवर न ठेवितां पाटावर, जाड खोळींत ठेवावें. कागदाचा शंकु ओल सोसत नाहीं. वजनाचाही विचार हवा. अलीकडील 'क्लास डी' जातीचा ॲम्प्लिफायर दोन-तीन किलोंत मिळतो, व निओडायमियम चुंबकाच्या स्पीकरांमुळें कॅबिनेटही हलकें होतें. ज्या वस्तूस उचलण्यास चार माणसें लागतात ती शाळेंत एका कोपऱ्यांत पडून राहते.

जागेविषयीं आम्हीं स्वतः केलेला प्रयोग सांगतों. ३० अंश उष्म्यांत ध्वनि सेकंदास सुमारें ३४९ मीटर जातो. त्यास ४१ नें भागलें तर जाड तारेचा एक तरंग साडेआठ मीटर लांब भरतो. एवढा तरंग खोलींत मावत नाहीं तेव्हां भिंतींवर आपटून कोठें गोळा होतो, कोठें नाहींसा होतो. आमच्या पत्र्याच्या सभागृहांत कॅबिनेट कोपऱ्यांत ठेविलें असतां शेवटच्या बांकांवर नुसता घुमारा ऐकूं आला, व मधल्या बांकांवर तोच स्वर जवळजवळ हरवला. कॅबिनेट कोपऱ्यांतून दोन पावलें पुढें घेतलें, खालीं बांक सरकविलें, आणि खर्जाचें बटण थोडें कमी केलें. पैसा न खर्चतां निम्मा दोष गेला. म्हणून दुकानांत ऐकून निर्णय करूं नये. शक्य तर दुकानदाराकडून यंत्र एक दिवस आणून आपल्या जागेंत, सर्व वाद्यांसह वाजवून पाहावें. हार्वी फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखविलें आहे कीं, आवाज हळू असतां आपल्या कानास खर्ज फार कमी ऐकूं येतो. म्हणून घरीं हळू वाजवितांना गोड वाटलेली बटणांची मांडणी सभागृहांत भयंकर घुमते.

बांकाची युक्ति आणखी एका कारणास्तव महत्त्वाची आहे. कॅबिनेट जमिनीवर असलें कीं स्वच्छ स्वर वादकाच्या गुडघ्यांजवळून निघून जातात. त्यास स्वतःचें वादन नीट ऐकूं येत नाहीं, तो आवाज वाढवितो, आणि समोर बसलेल्यांचे कान दुखतात. कॅबिनेट कानाच्या दिशेनें उचललें तर पुष्कळ कमी आवाजांत काम भागतें. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस अशी कीं, ८५ डेसिबलांचा आवाज दिवसांतून आठ तासांहून अधिक सोसूं नये, आणि पुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी करावी. म्हणजे ९४ डेसिबलांस एकच तास. आपल्या गांवांत खाणी, कारखाने व मालगाड्या यांचा आवाज आधींच कानांवर आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वडिलांना कमी ऐकूं येतें हें आम्हीं पालकसभेंत पाहतों. मुलांचे कान संगीतानें तरी बिघडूं नयेत.

शेजारधर्मही पाळला पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रहिवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळीं सहा. शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या सभोंवतालचा शंभर मीटरपर्यंतचा भाग सरकारास शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करतां येतो; तेथें मर्यादा ५० व ४० ची. खोल स्वर भिंतींस जुमानत नाहींत. सतारीचा आवाज दार लाविलें कीं थांबतो. बेसचा शेजारच्या घरांतील भांड्यांस हलवितो.

मग मोठ्या मैदानांतील कार्यक्रमाचें काय? त्यासाठीं प्रचंड कॅबिनेट विकत घेण्याची गरज नाहीं. ॲम्प्लिफायरच्या पाठीवर 'डी.आय.' म्हणजे सरळ बाहेर जाणारा जोड असावा. भाड्यानें आणलेल्या मोठ्या साउंडमध्यें तो जोड घालावा. श्रोत्यांस त्यांतून ऐकूं जाईल, व आपलें कॅबिनेट केवळ वादकासाठीं राहील. हा जोड नसलेला ॲम्प्लिफायर आम्हीं स्वस्त मिळत असतांही सोडला.

जुना माल घेणाऱ्यांसाठीं चार शब्द. जाळी काढून शंकु दोन्ही हातांच्या बोटांनीं सारखा, हलकेच दाबावा. घासल्याचा आवाज आला तर तो घेऊं नये. नाक जवळ नेऊन जळका वास पाहावा. साध्या मीटरनें आठ ओहमचा स्पीकर मोजला तर आंकडा सहाच्या आसपास येतो, त्यानें घाबरूं नये. शून्य किंवा अनंत आला तर मात्र वेटोळें गेलें असें समजावें. शेवटीं जाड तार आधीं हळू व मग जोरानें वाजवून प्रत्येक फळीचा व स्क्रूचा खुळखुळाट ऐकावा.

अखेर आम्हीं काय घेतलें तें सांगतों. चार ओहमवर ३०० वॅट सतत देणारा हलका ॲम्प्लिफायर, आणि आठ ओहमचें, दोन दहा-इंची स्पीकरांचें एक कॅबिनेट. तसेंच दुसरें पुढें केव्हां तरी घेऊं. जोडणी झाली त्या दिवशीं तो विद्यार्थी व त्याचे वडील यांस आम्हीं मुद्दाम बोलाविलें, आणि जळालेला जुना स्पीकर उघडून त्याचें वांकडें वेटोळें दोघांस दाखविलें. येथें जें लिहिलें आहे तें तेथें तोंडीं सांगितलें. वडिलांनीं वेटोळें हातांत घेऊन पुष्कळ वेळ पाहिलें. मग मुलगा वाजवूं लागला. वडिलांना खाणींतील कामामुळें कमी ऐकूं येतें. त्यांनीं कॅबिनेटवर तळहात ठेवला, आणि गाणें संपेपर्यंत तो काढला नाहीं.

कॅबिनेटच्या पाठीवर आतां एक पुठ्ठा चिकटविलेला आहे : "भार आठ ओहमचा. गिटारची केबल येथें लावूं नये. आवाज फाटला कीं बटण खालीं. अर्थिंगची पिन काढूं नये. रात्रीं दहानंतर बंद." अक्षर त्याच मुलाचें आहे. आमच्या सभागृहांत पुढें कोणीही नवा वादक आला तर त्यानें तार छेडण्यापूर्वीं तो पुठ्ठा वाचावा, एवढीच आमची विनंति आहे.